सुवर्णदुर्ग ते विजयदुर्ग, १७५५-५६: पेशवे-इंग्रज युती आणि तुळाजी आंग्रे — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या पट्ट्यात किल्ले पाहायला येणारे, शाळेत इतिहास शिकवणारे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे या मोहिमेबद्दल ठरावीक प्रश्न विचारतात. "पेशव्यांनी स्वतःचंच आरमार जाळलं" हे एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं, पण त्या वाक्यात करार हरवतो, हंगाम हरवतो आणि युरोपात पेटू घातलेलं युद्धही हरवतं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

आधी थोडक्यात सांगा, नेमकं काय झालं?

मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांच्यात तुळाजी आंग्र्यांविरुद्ध करार झाला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग आणि बाणकोट पडले. पावसाळ्यानंतर तुळाजींचे मधले किल्ले मराठी फौजेने एकेक करून घेतले. १३ फेब्रुवारी १७५६ ला विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला, तुळाजी मराठ्यांच्या कैदेत गेले आणि आंग्र्यांचं दक्षिणेकडचं आरमार खाडीतच जळालं. इंग्रजांनी विजयदुर्ग आठ महिने सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याला नवा तह झाला, तेव्हा कुठे तो मराठ्यांना परत मिळाला.

तुळाजी आंग्रे चाचे होते, बंडखोर होते की मराठी राज्याचे सेनानी?

"चाचे" हा इंग्रजांचा शब्द. तुळाजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते आणि किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना देऊन त्याची रक्कम घेण्याचा हक्क ते सांगत. त्यांच्या आधी कान्होजी आंग्रेही तेच करत. दस्तक न घेणारं जहाज धरणं हा त्यांच्या लेखी अंमल होता. पोर्तुगीजांनीही याच समुद्रात दोनशे वर्षं कार्ताझ, म्हणजे त्यांचा परवाना दाखवल्याशिवाय जहाजं जाऊ दिली नव्हती.

पेशव्यांशी बिघडलं ते निराळ्या कारणाने. कान्होजी १७२९ मध्ये गेले, त्यांचे थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भावांत जुंपली. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली: मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे सरखेलपद आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू. संभाजींच्या मागे तुळाजी आले. त्यांचं म्हणणं साधं होतं: मी छत्रपतींचा सरखेल, पेशव्यांचा ताबेदार नाही. शाहू महाराज असेपर्यंत हा वाद झाकून राहिला. डिसेंबर १७४९ मध्ये महाराज गेले, सगळा कारभार पुण्याकडे सरकला आणि तुळाजींची जागा कोणती हा प्रश्न उघडा पडला. त्यात वाडीकर सावंत आणि बावड्याचे पंत अमात्य या शेजाऱ्यांशीही त्यांचं वैर होतं. त्यामुळे पेशव्यांच्या बाजूने गाऱ्हाणं मांडणारे पुष्कळ होते आणि तुळाजींच्या बाजूने मध्यस्थी करणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या मते त्यांचा खरा कमकुवतपणा हा होता. तोफा आणि गलबतं त्यांच्याकडे भरपूर होती. १७५४ मध्ये त्यांनी डचांच्या तीन जहाजांच्या ताफ्याची वाताहत केली होती.

मग पेशव्यांनी स्वतःच्या बळावर का नाही केलं? वसई तर घेतली होती.

वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली ती सुरुंग लावून, जमिनीकडून. सुवर्णदुर्ग चारही बाजूंनी पाण्यात आहे. तिथे सुरुंग पोचत नाही, घोडदळाचा उपयोग नाही आणि किनाऱ्यावरून मारा केला तरी समुद्राकडून रसद येत राहते. १७३३ च्या जंजिरा मोहिमेने हा धडा दिलेला होता. जमिनीवरचे ठाणे-किल्ले हाती आले, पण समुद्र बंद करणारं आरमार वेळेवर आणि एकजुटीने उभं राहिलं नाही म्हणून खुद्द जंजिरा हुकला.

१७५५ मध्ये पेशव्यांच्या बाजूची गलबतं होती, पण त्यांच्यावर जड तोफा नव्हत्या. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज, मोठ्यात मोठं सुमारे ३०० टनांचं. गलबत त्याहून पुष्कळ लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, तिथून शिडं आणि दोरखंड फोडत आणि मग माणसं तलवारी घेऊन चढत. व्यापारी जहाज धरायला ही रीत उत्तम. खडकावर बांधलेला तट फोडायला मात्र तिचा उपयोग नाही, कारण त्याला एका जागी नांगर टाकून तासन् तास जड गोळा फेकणारं जहाज लागतं. असं जहाज किनाऱ्यावर फक्त इंग्रजांकडे होतं.

इंग्रजांना यात काय मिळणार होतं?

पहिली गोष्ट म्हणजे व्यापाराची वाट मोकळी. आंग्र्यांच्या भीतीने ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत लढाऊ जहाजांचा कायमचा खर्च पडत होता. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं डर्बी जहाज धरलं होतं, १७४९ मध्ये तुळाजींनी रेस्टोरेशन धरलं. दुसरी गोष्ट बाणकोट: सावित्रीच्या मुखावरचं बंदर, मुंबईहून जवळ आणि आत महाडपर्यंत जलमार्ग. शिवाय तुळाजी पडले तर किनाऱ्यावर कंपनीच्या आरमाराला तोडीस तोड कुणी उरणार नव्हतं. हे करारात लिहिलेलं नव्हतं, पण मुंबईच्या कौन्सिलला ते कळत नव्हतं असं मानणं भोळेपणाचं ठरेल.

मार्च १७५५ च्या करारातली कलमं काय होती?

करार १९ मार्च १७५५ चा. मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शियर, पेशव्यांच्या वतीने सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. महत्त्वाची कलमं अशी.

समुद्रावरची सगळी हुकमत इंग्रजांकडे, म्हणजे मराठी गलबतंही इंग्रज सेनापतीच्या सांगण्याने चालणार. मात्र मोहिमेचे बेत दोघांच्या संमतीने ठरायचे. तुळाजींची जी जहाजं हाती येतील ती वाटून घ्यायची. बाणकोट ऊर्फ हिंमतगड आणि भोवतालची पाच गावं इंग्रजांना कायमची. किल्ल्यांतल्या तोफा आणि दारूगोळा मराठ्यांकडे. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, जयगड या किल्ल्यांना समुद्रातून कुमक पोचू न देण्याची जबाबदारी इंग्रजांची, जमिनीकडून वेढा घालण्याची मराठ्यांची.

वाचताना वाटणी नीट झालेली दिसते. बारकाईने पाहिलं तर दोन ठिकाणी पाणी मुरतं.

एक: समुद्रावरची हुकमत ज्याच्याकडे, तो कधी यायचं आणि कधी परत फिरायचं हे ठरवतो. जमिनीवरच्या फौजेने मग वाट पाहत बसायचं. याचा अनुभव पहिल्याच हंगामात आला.

दोन: करार मुंबईच्या कौन्सिलशी होता. कौन्सिलच्या हाताखाली कंपनीची स्वतःची मोजकी जहाजं होती. पुढच्या वर्षी विजयदुर्गासमोर जे आरमार उभं राहिलं त्यातली मोठी जहाजं इंग्लंडच्या राजाची. त्यांचा अ‍ॅडमिरल मुंबईच्या गव्हर्नरचा नोकर नव्हता, या कराराचा पक्षकार नव्हता आणि लुटीबाबत राजाच्या आरमाराचे नियम पाळत होता. म्हणजे ज्याच्याशी कागद केला तो एक आणि प्रत्यक्ष लढायला आला तो दुसराच. पुढचे सगळे तंटे या एका फटीतून शिरले असं आमचं मत आहे. युतीचा करार करताना समोरच्याच्या वतीने कोण बांधला जातो आणि कोण मोकळा राहतो, हे पुण्याच्या बाजूने तपासायला हवं होतं.

अशी युती याआधी या किनाऱ्यावर झाली होती का?

झाली होती आणि फसली होती. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाब्यावर चालून आले. तेव्हाही इंग्लंडच्या राजाची जहाजं आली होती, कमोडोर मॅथ्यूज त्यांचा प्रमुख. कान्होजींच्या मदतीला बाजीराव घोडदळ घेऊन अलिबागेला पोचले. हल्ला ढेपाळला, आणि मग मराठ्यांनी पोर्तुगीजांशी स्वतंत्र तह करून जानेवारी १७२२ मध्ये युतीच मोडली. इंग्रज एकटे पडून परत गेले.

त्या वेळी पेशवा आणि सरखेल एका बाजूला होते, परकी दोघे दुसऱ्या बाजूला. १७५५ मध्ये पेशवा आणि एक परकी सत्ता एका बाजूला, सरखेल दुसऱ्या. किनारा तोच, समुद्र तोच. निकाल उलटा लागला तो या फरकाने.

सुवर्णदुर्ग दोन दिवसांत कसा पडला?

कमोडोर विल्यम जेम्स २२ मार्चला मुंबईहून निघाला. जवळ चार जहाजं: ४४ तोफांचं प्रोटेक्टर, १६ तोफांचं स्वॅलो, आणि वायपर व ट्रायम्फ ही उखळी तोफा वाहणारी दोन. चौलजवळ मराठी आरमार मिळालं, सात गुराबा आणि साठेक गलबतं.

तुळाजींची जहाजं त्या वेळी सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला होती. शत्रू दिसताच ती निघाली आणि दक्षिणेकडे पळाली. वारा अगदी मंद. हलकं व्हावं म्हणून खलाशांनी अवजड सामान समुद्रात टाकलं आणि जास्तीचं कापड, अगदी पागोटीसुद्धा, वारा धरण्यासाठी शिडांसारखी ताणली. जेम्सने जयगडाच्या बाजूपर्यंत पाठलाग केला. सोबतची मराठी गलबतं मागे पडत गेली. इंग्रज वृत्तांतात याचा दोष त्यांच्या अनिच्छेला दिला आहे; हा एकतर्फी पुरावा आहे हे ध्यानात ठेवावं. जेम्सने ताडलं की आपल्याला किल्ल्यापासून दूर नेलं जातंय, आणि तो मागे फिरला. निर्णय बरोबर होता. जहाजं नंतरही सापडली असती, पण हंगामाचे दिवस परत मिळाले नसते.

२ एप्रिलला त्याने पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने मारा सुरू केला. दिवसभरात सुमारे ८०० गोळे टाकले. फळ फारसं नाही. त्या बाजूचा तट कातळावर, बराचसा कातळ तासूनच काढलेला, तिथे खिंडार पडेना. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या माणसाने आतली हानी सांगितली, आणि त्या बाजूने तट फुटणार नाही हेही त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेम्सने जागा बदलली. बेट आणि हर्णैचा किनारा यांच्या मधल्या पट्टीत, ईशान्येकडून, तटापासून शंभरेक यार्डांवर त्याने प्रोटेक्टर आणून उभं केलं. इतक्या जवळ की डोलकाठ्यांवर चढवलेल्या बंदूकवाल्यांनी बुरुजावरच्या गोलंदाजांना तोफेशी उभंच राहू दिलं नाही. एक गोळा आतल्या गवती छपरावर पडला, आग पसरली आणि दारूचं कोठार उडालं. लोक किनाऱ्याकडे पळाले. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांनी शरणागती दिली. किल्लेदार रात्रीत पुन्हा बेटावर आला, दाभोळकडून मदत येईल या आशेने. जेम्सने खलाशी उतरवले, त्यांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला.

इथे काय चुकलं? सुवर्णदुर्गाची रचना समुद्राकडून येणारा शत्रू गृहीत धरून केलेली. किनाऱ्याकडची बाजू कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला या तिघांनी सांभाळायची. ते तिघे जमिनीकडून मराठी फौजेने अडकवून ठेवले होते, म्हणूनच मधल्या पट्टीत जहाज उभं करता आलं. "सुवर्णदुर्ग एकट्या जेम्सने घेतला" हे इंग्रजी पुस्तकांतलं वाक्य म्हणून अपुरं आहे.

बाणकोट ८ एप्रिलला हत्याराविना मिळाला. इंग्रजांनी त्याचं नाव व्हिक्टोरिया केलं. सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या ताब्यात दिला.

मग लगेच विजयदुर्गावर का गेले नाहीत?

हंगाम. एप्रिल अर्धा सरला की दक्षिणेकडचा वारा जोर धरू लागतो आणि मे अखेर समुद्र बंद होतो. आजही आपल्याकडे होड्या जूनआधी वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेशिवाय नारळ सोडत नाहीत. शिडाच्या जहाजाला तर नांगर टाकून तटाजवळ उभं राहायचं म्हणजे वारा किनाऱ्याकडे ढकलणारा नको. सकाळी मतलई वारा जमिनीकडून, दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून, हे नेमाने चालतं ते हिवाळ्यात. मोठी मोहीम म्हणून मार्गशीर्ष ते फाल्गुन या महिन्यांतच बसते.

रामाजी महादेवांची इच्छा पुढे सरकण्याची होती. मुंबईने जेम्सला परत बोलावलं. समुद्रावरची हुकमत ज्याच्याकडे, त्याचा शब्द चालला. तरी मराठी फौज हातावर हात ठेवून बसली नाही: पावसाळा उलटल्यावर तुळाजींचे मधले किल्ले तिने जमिनीकडून घेतले. विजयदुर्ग एकटा पडला तो या कामामुळे, आणि हे काम पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकलं जातं.

वॉटसन आणि क्लाइव्ह कोकणात कसे आले? ते तर बंगालशी जोडलेले.

ते तुळाजींसाठी आलेच नव्हते. उत्तर अमेरिकेत इंग्रज-फ्रेंचांची चकमक १७५४ पासून सुरू होती, मोठं युद्ध होणार हे लंडन आणि पॅरिसला दिसत होतं. दख्खनमध्ये निजाम सलाबतजंगाच्या दरबारी फ्रेंच सेनापती बुसी पाय रोवून बसला होता. लंडनचा बेत असा होता की क्लाइव्ह फौज घेऊन मुंबईत उतरेल आणि पेशव्यांच्या मदतीने बुसीला दख्खनमधून काढेल. नानासाहेबांनाही बुसी सलत होता. इंग्रजांशी जवळीक ठेवण्यामागे हे एक कारण होतं, आणि फक्त आंग्र्यांकडे पाहिलं तर ते निसटतं.

पण जानेवारी १७५५ मध्ये मद्रासचे इंग्रज आणि पाँडिचेरीचे फ्रेंच यांच्यात तात्पुरता तह झाला. क्लाइव्ह ऑक्टोबरात मुंबईला उतरला, अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन राजाचं आरमार घेऊन नोव्हेंबरात आला, आणि बुसीवरची मोहीम मुंबईच्या कौन्सिलने तहाकडे बोट दाखवून बाजूला ठेवली. आता हातात रिकामी फौज, रिकामं आरमार आणि समोर विजयदुर्ग. म्हणजे पेशव्यांना जिथे हे बळ हवं होतं तिथे ते मिळालं नाही, आणि मिळालं तिथे ते गरजेपेक्षा फार मोठं होतं.

इंग्लंडने फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर केलं ते १७ मे १७५६ ला, विजयदुर्ग पडल्यावर तीन महिन्यांनी. तेच आरमार पुढे बंगालकडे गेलं. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर, जूनमध्ये प्लासी. चंद्रनगरावर मारा करणारी केंट आणि टायगर ही जहाजं वर्षापूर्वी विजयदुर्गाजवळच्या वाघोटणच्या खाडीत होती.

लुटीच्या वाटणीचा ठराव खरोखर झाला होता का?

झाला होता, आणि मुंबई सोडण्यापूर्वी. आरमार आणि पायदळ यांच्या अधिकाऱ्यांची बैठक बसली, कोणाचा हिस्सा किती हे ठरलं. क्लाइव्हचा हिस्सा जहाजाच्या कप्तानाइतका धरला म्हणून पायदळ नाराज झालं. वॉटसनने आपल्या हिश्शातून भर घालायची तयारी दाखवली. मराठ्यांना लुटीत काहीच द्यायचं नाही, हेही तिथेच ठरलं. दोस्ताबरोबर लढायला निघण्याआधी दोस्ताला वगळणारा ठराव. याचं समर्थन करता येईल असं आम्हाला वाटत नाही. किल्ल्यातला दारूगोळा आणि तोफा मराठ्यांच्या असं सांगणारा करार तेव्हा वर्षभराचाही झालेला नव्हता.

१२ आणि १३ फेब्रुवारी १७५६ ला विजयदुर्गावर काय घडलं?

डिसेंबर १७५५ मध्ये जेम्स टेहळणी करून गेला होता. किल्ला ऐकला तितका उंच नाही, जहाजं जवळ जाऊ शकतात, पाणी पुरेसं आहे, असा त्याचा अहवाल होता. याआधी इंग्रज इथून हात हलवत परतले होते. त्या अपयशाने किल्ल्याचा दबदबा वाढला होता आणि तो दबदबाच त्याचं निम्मं संरक्षण करत होता. टेहळणीने ते गेलं.

ताफा ७ फेब्रुवारीला मुंबईहून निघून ११ ला पोचला. केंट ७० तोफांचं, कंबरलँड ६६, टायगर ६०, सॅलिस्बरी ५०. शिवाय लहान जहाजं आणि कंपनीची प्रोटेक्टर वगैरे. जमिनीकडून मराठी फौज आधीच येऊन बसलेली.

१२ तारखेला दुपारी खाऱ्या वाऱ्यावर जहाजं दोन रांगांत खाडीत शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला, अगदी जवळ नांगरली. तुळाजींच्या गुराबा आणि गलबतं एकमेकांना बांधून एका जागी ठेवलेली होती. शत्रू खाडीबाहेर राहणार असता तर ती तोफांच्या छायेत सुरक्षित राहिली असती. इथे शत्रू आत आला. चारच्या सुमारास एक तोफगोळा रेस्टोरेशनवर पडला, सहा-सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून धरलेलं तेच जहाज. ते पेटलं, दोर जळाले, आणि एकातून दुसऱ्यात आग जात बहुतेक सगळा ताफा तासाभरात गेला. बांधणीत असलेली जहाजंही वाचली नाहीत.

यातून "आरमार समुद्रात लढून हरलं" असा अर्थ काढू नये. ते लढलंच नाही. फेब्रुवारीच्या मोकळ्या समुद्रात विखुरलेली साठ गलबतं इंग्रजांना महिनोन् महिने सतावू शकली असती. ती एका जागी दावणीला बांधणं हा या मोहिमेतला सर्वांत महाग निर्णय ठरला.

त्याच रात्री क्लाइव्ह फौजेसह उतरला. कुठे? किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध. किल्ल्याला वेढण्यापेक्षा मराठ्यांना आत जाऊ न देणं हा हेतू होता. १३ ला पुन्हा मारा झाला आणि संध्याकाळी किल्ल्याने निशाण उतरवलं. इंग्रजांची मृत-जखमी मिळून वीसच्या आसपास माणसं. आत दोनशेवर तोफा आणि सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज मिळाला. तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला.

तुळाजी किल्ला सोडून मराठ्यांच्या छावणीत का गेले?

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून. इंग्रजांना किल्ला देण्यापेक्षा पेशव्यांशी तह करणं त्यांना परवडणारं होतं, आणि रामाजी महादेवांनाही किल्ला इंग्रजांआधी हवा होता. बोलणी सुरू झाली, किल्ला नातेवाइकाच्या हवाली होता. हे कळताच वॉटसनने घाई केली, कारण किल्ला वाटाघाटीत मराठ्यांकडे गेला असता तर त्याची लूट बुडत होती.

युतीत दोघांपैकी एकाने शत्रूशी परस्पर बोलू नये हे पथ्य असतं. इथे एकाने परस्पर बोलणी केली, दुसऱ्याने परस्पर लुटीचा ठराव केला. मात्र दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. ठराव आधीचा आहे, बोलणी नंतरची.

तुळाजींना इंग्रजांनी मागितलं, मराठ्यांनी दिलं नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी पेशव्यांच्या कैदेत काढलं.

विजयदुर्ग परत कसा मिळाला?

मुंबईचं म्हणणं होतं की बाणकोटाऐवजी विजयदुर्गच आम्हाला राहू द्या. नानासाहेबांनी ठाम नकार दिला. बायफील्ड आणि स्पेन्सर हे दोन वकील पुण्याला आले आणि १२ ऑक्टोबर १७५६ ला तह झाला. विजयदुर्ग मराठ्यांना, बाणकोट आणि भोवतालची दहा गावं इंग्रजांना, आणि मराठी मुलखात डचांना व्यापार बंद. पहिल्या करारात पाच गावं होती, दुसऱ्यात दहा. आपल्याच हक्काचा किल्ला सोडवून घ्यायला पेशव्यांना वर पाच गावं मोजावी लागली.

मराठ्यांचं आरमार इथे संपलं का?

नाही, पण त्याचा ताठा गेला. विजयदुर्गाला पेशव्यांचा आरमारी सुभा बसला आणि धुळप घराण्याकडे तो चालत राहिला. ८ एप्रिल १७८३ ला, इंग्रजांशी सालबाईचा तह झालेला असतानाही, आनंदराव धुळपांच्या ताफ्याने रत्नागिरीच्या समुद्रात इंग्रजांचं रेंजर जहाज झुंजून घेतलं. मानाजींच्या शाखेचं कुलाब्याचं आरमारही राहिलं. गेलं ते स्वतःच्या हिमतीने दस्तक वसूल करणारं, कुणाची परवानगी न घेता समुद्रात उतरणारं आरमार. सुभ्याचं आरमार पुण्याहून येणाऱ्या पैशावर आणि हुकमावर चालायचं.

विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीवर इंग्रज जहाजं फुटली होती ना?

१७५६ च्या लढाईत नाही. पाण्याखाली दगडी बांधकाम आहे आणि त्याची पाहणी झालेली आहे, पण या लढाईत जहाजं खाडीच्या मुखातून उत्तर अंगाला आली आणि भिंतीवर आपटून एकही फुटल्याची नोंद नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

निरनिराळ्या पुस्तकांत तारखा वेगळ्या का दिसतात?

इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये नवं कॅलेंडर घेतलं. त्यामुळे १७५५-५६ च्या इंग्रज तारखा आजच्या तारखांशी जुळतात. १७१८, १७२१ किंवा १७३९ च्या इंग्रज आणि पोर्तुगीज कागदांत ११ दिवसांचा फरक पडतो, कारण पोर्तुगीज आधीपासून नवं कॅलेंडर वापरत होते. नावांचाही गोंधळ होतो: इंग्रजी कागदांतला घेरिया म्हणजे विजयदुर्ग, सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग.

ही मोहीम जागेवर समजून घ्यायची तर काय आणि कुठून पाहावं?

सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आहेत, त्यामुळे गर्दी वाढली आहे. सकाळी लवकर जावं.

हर्णैला आधी बेटावर जाऊ नका. कनकदुर्गाच्या दीपगृहापाशी उभं राहून बेट आणि किनारा यांच्यामधली पाण्याची पट्टी पाहा. माऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जेम्सचं जहाज तिथे उभं राहिलं होतं. मग होडीने बेटावर जाऊन पश्चिमेचा कातळात तासलेला तट आणि पूर्वेचा दरवाजा यांतला फरक पाहा. पहिल्या दिवसाचा मारा वाया का गेला ते तिथे हाताने कातळ चाचपून कळतं. होडी भरती-ओहोटी पाहून मिळते. पावसाळ्यात आणि आधीच्या खवळलेल्या दिवसांत मिळत नाही.

विजयदुर्गाला उत्तरेच्या बुरुजावर जा. खाली खाडीचं मुख, समोर पलीकडचा किनारा. १२ फेब्रुवारीला इंग्रज जहाजांची रांग त्या पाण्यात होती. मग गिर्ये येथे जाऊन आंग्रेकालीन गोदी पाहा, खडक कोरून आणि बांध घालून केलेली, सुमारे १०९ मीटर लांब. ओहोटीला गेलात तर तळ आणि तोंडाची बाजू नीट दिसते. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करून पाणी काढायचं आणि बूड दुरुस्त करायचं, हे तिथे उभं राहिल्यावर वेगळं समजावून द्यावं लागत नाही. बहुतेक लोक किल्ला पाहून परत फिरतात आणि गोदी राहून जाते. अर्धा तास जास्त ठेवा.